वीरगळांच्या नोंदींसाठी पोस्टग्रेस: अकरा महिन्यांच्या वापरानंतर

आम्ही पाच जण सुटीच्या दिवशी सातारा, सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगड) व सतीशिळा (सती गेलेल्या स्त्रियांचे स्मारकदगड) यांच्या नोंदी करतो. तिघे पुण्यात, एक जण कऱ्हाडात आणि एक ताई कोल्हापुरात राहतात. प्रत्येकाचा संगणक वेगळा आहे. तिघांकडे विंडोज, दोघांकडे लिनक्स. या सर्वांनी एकाच नोंदसंचावर काम कसे करावे, या प्रश्नाचे उत्तर म्हणून आम्ही गेल्या वर्षी पोस्टग्रेस हे डेटाबेस सांभाळणारे सॉफ्टवेअर आणि त्याला नकाशावरील ठिकाणे साठवता यावीत म्हणून असलेले भौगोलिक विस्तारपॅक पोस्टजीआयएस निवडले.

त्याआधीची दीड वर्षे आम्ही क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधील जिओपॅकेज फाइल (ठिकाणे व नोंदी एकत्र ठेवणारी फाइल) एका सामायिक क्लाउड फोल्डरमध्ये ठेवून काम करत होतो आणि तेथेच आमची मोठी चूक झाली. जिओपॅकेज ही मुळात एसक्यूलाइट या एकाच फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसची फाइल असते, आणि क्यूजीआयएस ती उघडते तेव्हा नव्या नोंदी काही काळ मुख्य फाइलमध्ये न जाता शेजारच्या एका तात्पुरत्या फाइलमध्ये राहतात. फोल्डर जुळवणाऱ्या सेवेला या दोन फाइलींचे नाते ठाऊक नसते. त्यामुळे कधी मुख्य फाइल एकटीच पुढे जाई, तर कधी दोघांनी एकाच दुपारी काम केल्यास फाइलीच्या दोन प्रती तयार होत. एका रविवारी पाटण तालुक्यातील सव्वीस नोंदी अशाच नाहीशा झाल्या आणि त्या छायाचित्रांवरून पुन्हा भराव्या लागल्या. यात एसक्यूलाइटचा दोष नाही. एका संगणकावर तो अतिशय भरवशाचा आहे. मात्र फाइल सामायिक केली म्हणजे डेटाबेस सामायिक झाला, हा आमचा समज चुकीचा होता. अनेकांनी एकाच वेळी लिहायचे असेल, तर प्रत्येकाच्या वतीने लिहिणारा एकच सर्व्हर मध्ये असावा लागतो.

गुगल शीटचाही विचार झाला. पण एका वीरगळावर अनेक चौकटी असतात: तळाशी युद्धप्रसंग, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. प्रत्येक चौकटीचे वर्णन स्वतंत्रपणे नोंदवायचे तर एका ओळीत ते मावत नाही. दगडांचे एक कोष्टक आणि त्याला बांधलेले चौकटींचे दुसरे कोष्टक हवे. मारियाडीबी या दुसऱ्या डेटाबेसने हे जमले असते, परंतु क्यूजीआयएसशी पोस्टजीआयएसचे नाते अधिक जुने आणि घट्ट आहे, त्यामुळे तो विचार फार लांबला नाही. पोस्टग्रेसची सुरुवात १९८६ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात झाली आणि आज ते कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. वर्गणी काढून चालणाऱ्या आमच्या कामाला ही गोष्ट महत्त्वाची वाटली.

सर्व्हर म्हणून आम्ही २ जीबी स्मृतीचे भाड्याचे लिनक्स यंत्र घेतले आहे आणि आमच्या आकाराच्या कामाला ते पुरून उरते. छायाचित्रे डेटाबेसमध्ये ठेवलेली नाहीत, फक्त त्यांचे पत्ते ठेवले आहेत. पोस्टग्रेसचा ५४३२ क्रमांकाचा पोर्ट (बाहेरून जोडणी घेण्याचे दार) इंटरनेटवर उघडा न ठेवता पाचही संगणक वायरगार्ड या सॉफ्टवेअरच्या खासगी जाळ्याने जोडले आहेत. ही मांडणी करण्यात दोन रविवार गेले, आणि ज्यांना लिनक्सच्या आज्ञा देण्याची सवय नाही त्यांनी सोबत जाणता माणूस घेतल्याशिवाय यात पडू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

मराठीच्या बाबतीत मिळालेले समाधान मला सर्वांत मोलाचे वाटते. मराठीचा आयसीयू वर्णक्रम (आयसीयू या भाषाविषयक सॉफ्टवेअरमधील अक्षरांचा क्रम) लावल्यावर 'ळ' हा 'ह'नंतर येतो, म्हणजे यादीत काशीळ आधी आणि काळगाव नंतर, जसे आपल्या शब्दकोशात असते. मात्र 'कऱ्हाड' शोधल्यावर निम्म्याच नोंदी सापडत होत्या. कारण असे की हा अर्धा र काही कळफलक 'ऱ' आणि हलन्त मिळून लिहितात, तर काही साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह मिळून. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. पोस्टग्रेसमधील युनिकोड एकरूप करणारी सोय हा भेद मिटवत नाही. म्हणून आम्ही एक ट्रिगर (डेटाबेसमध्ये आपोआप चालणारी छोटी आज्ञावली) लिहिला, जो प्रत्येक नोंद साठवण्यापूर्वी दुसरे रूप पहिल्यात बदलतो. तालुक्यांची नावे तर आता हाताने लिहायचीच नसतात. ती वेगळ्या कोष्टकातून निवडावी लागतात.

एक अपेक्षा मात्र फोल ठरली. दोघांनी एकच नोंद उघडून एकाच रकान्यात एकामागून एक बदल केला, तर सर्व्हर तक्रार करत नाही. नंतरचा बदल टिकतो. यावर उपाय म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र वापरकर्तानाव दिले आणि प्रत्येक बदलापूर्वीची ओळ, बदलणाऱ्याच्या नावासह व वेळेसह, इतिहासाच्या कोष्टकात जाईल अशी व्यवस्था केली. तिचा उपयोग आजवर चार वेळा झाला आहे.

रोज रात्री पीजी_डंप या पोस्टग्रेसच्या आज्ञेने डेटाबेसची राखीव प्रत काढली जाते. तिसऱ्या महिन्यात ती प्रत दुसऱ्या संगणकावर उभी करून पाहिली, तेव्हा लक्षात आले की या प्रतीत वापरकर्ते येत नाहीत. त्यांच्यासाठी पीजी_डंपऑल ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. प्रत्यक्ष प्रसंग येण्याआधी हे कळले, याचे मला आजही हायसे वाटते.

डोंगरातल्या गावांत जेथे रेंज नसते, तेथे ही सारी व्यवस्था निरुपयोगी असते. तेथे आम्ही छापील तक्ता भरतो आणि घरी आल्यावर नोंद करतो. क्यूजीआयएसमध्ये बदल जतन करेपर्यंत ते आपल्याच संगणकावर असतात, त्यामुळे दर चार-पाच नोंदींनंतर जतन करण्याचा नियम सर्वांनी पाळला आहे. पोस्टग्रेसची नवी मुख्य आवृत्ती दरवर्षी येते आणि प्रत्येकीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात, त्यामुळे घाई नाही. तरीही नव्या मुख्य आवृत्तीकडे आमचे पहिले स्थलांतर आम्ही पावसाळ्यात, वाटा निसरड्या होऊन भेटी थांबलेल्या असताना, करणार आहोत.