बहुपदीत हातचा नसतो

वेंगुर्ल्यात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला, एका घराच्या पडवीत मे महिन्यात बीजगणिताचा वर्ग चालतो. शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका. पाटी नाही, जाहिरात नाही, आणि नाव कुठे लिहू नको असं त्यांनीच मला बजावलंय. जायचं असेल तर त्या बाजूला 'गणिताच्या बाई' म्हणून विचारा. फी महिन्याला आठशे रुपये. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. एक का कापला ते सांगतेच.

आमचा धंदा सोलांचा, म्हणजे वाळवलेल्या कोकमांचा. मे महिन्यात खळ्यात पाय ठेवायला जागा नसते. रातांबे म्हणजे कोकमाची फळं फोडा, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवा, उन्हात घाला, परत रसात, परत उन्हात, आणि एक डोळा आभाळाकडे. अशा दिवसांत रोज साडेचारला स्कूटर काढून लेकीला सोडायला जायचं म्हणजे जिवावर यायचं. पण नववीला बीजगणितात चाळीसपैकी तेरा पडले होते, आणि समोर दहावी.

त्याआधी एका मोबाइल अ‍ॅपचे वर्षाचे पैसे भरून झाले होते. किती ते लिहीत नाही, नवरा हे वाचतो. त्यात दोन कंसांचा गुणाकार बाण काढून शिकवला होता: पहिल्याला पहिलं, बाहेरच्याला बाहेरचं, आतल्याला आतलं, शेवटच्याला शेवटचं. चार बाण, चार पदं, झालं काम. पोरगी खूश. दोन द्विपदी, म्हणजे दोन्ही कंसांत दोन-दोन पदं असली की उत्तर बरोबर येतंच. तीन पदांची त्रिपदी आली की मात्र गाडी रुतायची. का रुतते ते ना तिला कळलं, ना मला.

बाईंनी पहिल्या दिवशी बहुपदीचं, म्हणजे असल्या अनेक पदांच्या राशीचं, नावच काढलं नाही. फळ्यावर १३५ गुणिले १२ लिहिलं. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० सालच्या पुस्तकात, हाच गुणाकार आहे म्हणे. तिथे १२ चे ८ आणि ४ असे तुकडे करून दाखवलेत: १०८० आणि ५४०, मिळून १६२०. मग बाईंनी १३५ चे १००, ३० आणि ५ केले, १२ चे १० आणि २ केले, आणि त्याखाली लिहिलं:

(क्ष² + ३क्ष + ५)(क्ष + २)

एक्सला बाई क्षच म्हणतात. मुलं आधी हसली, नंतर तीही क्ष म्हणायला लागली. क्ष म्हणजे १० धरलं की पहिला कंस १३५ आणि दुसरा १२. तीन पदं, दोन पदं, म्हणजे सहा गुणाकार, एकही सुटता कामा नये. चौकट आखायची, वर तीन घरं, बाजूला दोन, आणि घरं भरायची. क्ष³, ३क्ष², ५क्ष. खालच्या ओळीत २क्ष², ६क्ष, १०. सजातीय पदं, म्हणजे क्षचा घात सारखा असलेली, एकत्र केली की क्ष³ + ५क्ष² + ११क्ष + १०. क्षच्या जागी १० घाला: १००० + ५०० + ११० + १०. सोळाशे वीस.

मी त्या दिवशी पडवीच्या पायरीवर बसून होते, परत येण्याचं पेट्रोल वाचवायला. तो ११क्ष बघून मला खटकलं. आपण दुकानात हिशेब करताना अकरा आले की एक लिहितो आणि एक हातचा पुढे नेतो. इथे अकरा तसेच. न राहवून विचारलं. बाई म्हणाल्या, "क्ष किती ते ठाऊक नाही ना, मग दहाचा गठ्ठा बांधणार कशाचा? बहुपदीत हातचा नसतो." एवढंच. मी तीस वर्षं हातचे घेतेय, पण हातचा का असतो ते मला त्या पायरीवर कळलं.

मग लेकीने तेच उदाहरण आपल्या बाणांनी केलं. आलं क्ष³ + २क्ष² + ५क्ष + १०. बाईंनी चूक म्हटलं नाही. क्षला १० घालायला सांगितलं. १२६०. "आता हे बाराने भाग." १०५. म्हणजे १३५ मधले मधले तीस पोरीने गुणलेच नव्हते, बाण त्यांच्या डोक्यावरून गेले होते. ती त्यानंतर बाण काढताना दिसली नाही.

वजाबाकीच्या चिन्हांचं मात्र घरी सुटलं. (क्ष − ३)(क्ष − २) मध्ये शेवटी +६ का? वजा गुणिले वजा अधिक, हे तिला पाठ होतं, पण पाठ असणं वेगळं. बाईंनी सांगितलं होतं की क्ष बाजूचा चौरस घे आणि त्यातून पट्ट्या काप. तिने सोलं बाजूला सारून खळ्यात खडूने दहा वितींचा चौरस आखला. एका बाजूने तीन वितींची पट्टी पुसली, तीस चौरस गेले. तिला लागून असलेल्या बाजूने दोन वितींची, वीस गेले. शंभरातून पन्नास गेले, उरले पन्नास, असं मी म्हटलं. पण उरलेला तुकडा सात बाय आठ, म्हणजे छप्पन्न! मी परत मोजायला वाकले तर म्हणते, "आये, ह्यो कोपरो तू दोनदा वजा केलंस." तीन बाय दोनचा कोपरा दोन्ही पट्ट्यांत होता. "मगे?" "मगे एकदा परत दी." ते परत दिलेले सहा म्हणजे +६. (क्ष + ५)² चं क्ष² + २५ लिहायची तिची जुनी खोडही त्याच खडूने गेली. दोन लांब पट्ट्या डोळ्यांना दिसल्या की १०क्ष विसरणार कसं?

आता कापलेला तारा. बाई गुणाकारावर नऊ दिवस रेंगाळल्या आणि भागाकार दोन दिवसांत उरकला. मुलं चौदा, सतरंजी एक, लाइट गेली की वर्ग बंद. नोट्स नाहीत, झेरॉक्स नाही; वही हरवली तर सगळं हरवलं. दहावीचं पुस्तक भराभर पुढे न्यायचं असेल तर इथे येऊ नका, चिडचिड होईल. आणि गुणांची हमी मागितलीत तर बाई फी परत देतील, एकाला दिली ती मी पाहिलीय.

पावसात वर्ग नसतो, पडवीत झड येते. मी शेवटच्या दिवशी कोकमाच्या आगळाची बाटली नेली तर बाईंनी तिचे पैसे मोजून हातात ठेवले, नको म्हटलं तरी ऐकलं नाही. स्कूटर गेटाबाहेर लावा. आत वळवायला गेलात तर तुळशीच्या कट्ट्याला लागते, मी दोनदा बोलणी खाल्लीत.