हिरवं-निळं पीस सापडलंय? कीर, तुईया, करण की निळ्या पंखांचा, ते असं ठरवा

परवा काकूच्या आगरात पोफळीखाली एक लांब पीस पडलेलं दिसलं, मी उचललं तर काकू लगेच म्हणाली, राघूचंच असणार हो, दुसरं काय. राघूचं असेलही, पण कोकणात राघू एकच नाही ना, भाताला लोंब्या आल्या की थवेच्या थवे उतरतात तो कीर, काजूच्या रानात जास्त दिसणारा तुईया, आंबोलीकडच्या दाट जंगलातला निळ्या पंखांचा पोपट, आणि आपल्याकडे कमीच दिसणारा मोठा करण.

एकाच पिसावरून ठरवायचं तर शेपटीच्या मधल्या दोन पिसांपैकी एखादं मिळायला हवं. ते कसं ओळखायचं, तर मधल्या दांडीच्या दोन्ही बाजू जवळपास सारख्या रुंद असतात. एक बाजू अगदी अरुंद आणि दुसरी रुंद असेल तर ते बहुतेक पंखाचं.

मग टोक बघा, माझा सगळ्यात जास्त भरवसा टोकावरच. पीस निळं आणि टोक पांढरं, तर तुईया. निळंच पण टोक फिकट पिवळं, तर निळ्या पंखांचा, तो फक्त सह्याद्रीच्या पट्ट्यातच सापडतो. निळसर हिरवं आणि टोक पिवळट, तर कीर किंवा करण, आणि इथे मात्र पट्टी काढावीच लागते. किराची शेपूट फार तर २५ सेंटीमीटर, म्हणजे एक वीत आणि थोडं वर, करणची ३५ पर्यंत जाते. म्हणून ३० च्या पुढचं पीस बिनधास्त करणचं म्हणा, आखूड असेल तर घाई नको, कारण करणच्या पिल्लाची शेपूटही लहानच असते.

एक चूक सगळेच करतात, पीस सूर्यासमोर धरून बघतात. पोपटाच्या पिसात निळा रंग म्हणून काही भरलेला नसतो, पिसाच्या आतल्या बारीक रचनेवरून उजेड परततो तो आपल्याला निळा दिसतो, आणि त्यात पिवळं रंगद्रव्य मिसळलं की हिरवा. मागून उजेड आला की निळा गायबच होतो, पीस मळकं पिवळट दिसतं आणि तुईयाचा कीर होतो. काकूच्या आगरातलं पीस मी काळ्या छत्रीवर ठेवून सावलीत बघितलं, तेव्हा कुठे निळा नीट दिसला, टोक पांढरं होतंच. तुईया!

किरमिजी रंगाचं छोटं पीस मिळालं तर कीर बाद, त्याच्या खांद्यावर किरमिजी डाग नसतोच. तो करणला असतो, नर आणि मादी दोघांनाही, आणि तुईयाच्या नराला. नुसतं छोटं हिरवं पीस असेल तर मात्र जात ठरवायला जाऊच नका, ते कुटूर्ग्याचं, म्हणजे दुसऱ्याच एका हिरव्या पक्ष्याचंसुद्धा असू शकतं. वेडा राघू तर नावालाच राघू, त्याच्या शेपटीतली मधली पिसं टोकाला सुईसारखी बारीक होतात.

फोटो पट्टी शेजारी ठेवून काढा, दोन्ही बाजूंनी, आणि पीस तिथेच राहू द्या. हे सगळे पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात, पकडणं, विकणं, पिंजऱ्यात पाळणं सगळं गुन्हा आहे. पिंजऱ्याजवळ पीस दिसलं तर आधी वनखात्याला फोन करा, जात नंतर बघू.