पंचेचाळीस दिवसांचा पावडर ब्लू

साधा मासा पाच हजारांचा, ‘क्वारंटाइन केलेला’ आठ हजारांचा. मधले तीन हजार मी एका शब्दासाठी मोजले आणि त्या शब्दापायी घरातले चार मासे गमावले. खाऱ्या पाण्याचा टँक असलेल्या कुणाचे तरी पैसे आणि मासे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

माझा टँक आठ वर्षांचा. ठाण्याच्या फ्लॅटमधला हॉल, साडेचार फूट काच, सव्वातीनशे लिटर पाणी. प्रवाळ नाही. दगडी प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे दुकानात कुणी कानाशी येऊन ‘मिळतं हो’ म्हणालं तरी त्या वाटेला जाऊ नका. सिरॅमिकचे खडक, दोन क्लीनर श्रिंप, म्हणजे छोट्या कोळंब्या, आणि मासे म्हणून दोन क्लाउन, एक बटरफ्लाय, एक रॅस आणि एक रीगल टँग. या टँगला सहा वर्षं झाली होती. समोरच्याला खांद्यानं ढकलत जायची त्याची सवय बघून माझ्या वडिलांनी त्याचं नाव निळूभाऊ ठेवलं होतं. मला लहानपणी मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात बोट धरून नेणारेही तेच, त्यामुळे या खुळाचं मूळ कुठे आहे ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

पावडर ब्लू टँग मला कित्येक वर्षं हवा होता. आपल्या हिंदी महासागरातलाच मासा. अंगाचा निळा, पाठीवरचा पिवळा पट्टा, काळं तोंड, बघत राहावं असा. माझा टँक त्याला लहानच, हेही कबूल करतो. शिवाय पांढऱ्या ठिपक्यांचा रोग या जातीला जितका पटकन धरतो तितका फार थोड्या माशांना धरतो. म्हणून ‘45 दिवस क्वारंटाइन, फुल कॉपर’, म्हणजे वेगळ्या टाकीत दीड महिना आणि तांब्याच्या औषधाची पूर्ण मात्रा, अशी जाहिरात दिसली आणि मी विरघळलो. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना सांभाळतात, या पोरानं माशाला दीड महिना सांभाळलाय, असं वाटून मला त्याचं कौतुकच वाटलं.

विकणारा तिशीतला, गोड बोलणारा. त्यानं मासा नोरी, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, खातोय असा व्हिडिओ पाठवला. सोबत कॉपर मोजायच्या डिजिटल यंत्राचा फोटो होता, आकडा 2.24. यंत्र धरलेल्या अंगठ्याला चिकटपट्टी. मी म्हटलं, माझ्याकडे माळ्यावर साठ लिटरचा वेगळा टँक आहे, महिनाभर त्या क्यूटीत, म्हणजे क्वारंटाइन टँकमध्ये, ठेवतो. डिस्प्लेत, म्हणजे हॉलमधल्या मोठ्या टँकमध्ये, नंतर सोडेन.

“काका, आता परत क्यूटीत टाकलात तर स्ट्रेसनंच मरेल. मी सगळं करून दिलंय. डायरेक्ट डिस्प्लेत सोडा. माझी गॅरंटी.”

तिथेच घोडं पेंड खात होतं. ज्यानं खरंच दीड महिना कष्ट केलेत तो ‘तुम्ही पुन्हा करू नका’ असं कशाला सांगेल? पण मला माळ्यावरून टँक उतरवायचा कंटाळा होता. त्याच्या बोलण्यानं माझ्या कंटाळ्याला कारण मिळालं, एवढंच.

शनिवारी मासा आला. तीन दिवस उत्तम. चौथ्या दिवशी तो खडकाला अंग घासायला लागला. पाचव्या दिवशी काळ्या तोंडावर आणि परांवर रव्याचे कण चिकटावेत तसे ठिपके. मी फोन केला. “काका, टेन्शन घेऊ नका. हीटर तीसवर न्या, खाण्यात लसूण द्या.” दोन दिवसांत ठिपके खरंच गेले. त्याला कळवलं तर उत्तर आलं, “बघा, म्हटलं नव्हतं?” मी त्याचे आभार मानले. हो, आभार मानले.

हा रोग करणाऱ्या परजीवीचं नाव क्रिप्टोकॅरिऑन. त्याची चाल समजून घ्या, कारण सगळी फसवणूक याच चालीवर उभी आहे. तो माशाच्या कातडीखाली आणि कल्ल्यांत घुसून तीन ते सात दिवस खातो. तेव्हा आपल्याला ठिपका दिसतो. पोट भरलं की तो माशाला सोडतो, तळाशी जातो आणि स्वतःभोवती घट्ट कवच करून बसतो. मासा स्वच्छ दिसतो, आपण पेढे वाटायचे बाकी असतो. आत मात्र एकाचे दोनशेच्या आसपास होत असतात. कवच फुटलं की ते पिल्लू परजीवी पोहत नवा मासा शोधतात. दिवस-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात, पण साडेचार फुटांच्या काचेत मासा न मिळायला जागाच कुठे आहे? तापमान वाढवायचा उपाय गोड्या पाण्यातल्या ठिपक्यांचा, आणि तो परजीवीच वेगळा. खाऱ्या पाण्यात तीसवर हीटर नेऊन रोग जात नाही, उलट पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि कल्ले खराब झालेल्या माशाचे आणखी हाल होतात.

अकराव्या दिवशी सकाळी दिवा लावला तर सगळ्यांच्या अंगावर रवा. पावडर ब्लू त्याच संध्याकाळी गेला. मग बटरफ्लाय, मग रॅस. निळूभाऊ चार दिवस पंपाच्या झोतासमोर तोंड करून उभा होता, धापा टाकत. पाचव्या दिवशी गेला. वडील हॉलमध्ये बसले होते, काही बोलले नाहीत. त्यांनी उठून टँकचा दिवा बंद केला.

मी भरपाई मागितली तर तो ‘रिप्लेसमेंट’ द्यायला तयार झाला. ती घ्यायची नव्हती, पण जागा बघायची होती म्हणून गेलो. रॅकवर दहा टाक्या, त्यातल्या वरच्या तिनांवर ‘क्यूटी’ असा कागद. नळ्यांचा माग काढत खाली वाकलो तर दहाही टाक्यांचं पाणी एकाच संपमध्ये, म्हणजे गाळून परत वर पाठवणाऱ्या खालच्या टाकीत, पडत होतं. काल विमानतळावरून आलेला मासा आणि ‘45 दिवस झालेला’ मासा एकाच पाण्यात. कुठेतरी पाणी मुरतंय म्हणतात, इथे ते डोळ्यांसमोर वाहत होतं.

“या तिनांत कॉपर चालू आहे?”

“हो काका, दोन पॉइंट दोन.”

त्या तिनांतल्याच एका टाकीच्या कोपऱ्यात एक क्लीनर श्रिंप पांढऱ्या मिशा हलवत बसली होती. कॉपरच्या त्या मात्रेत श्रिंप जगत नाही. खेकडा, श्रिंप, गोगलगाय, सगळ्यांना कॉपर विष आहे, म्हणून तर औषधासाठी वेगळी टाकी लागते. अमोनिया बघतो म्हणून मी बाटलीभर पाणी घेतलं आणि घरी येऊन कॉपरचा टेस्ट केला. शून्य.

आणखी एक गोष्ट नंतर कळली. माझ्यासारखाच पोळलेला डोंबिवलीचा एक जण भेटला. त्यालाही यंत्राचा फोटो आला होता, चार महिने आधी. 2.24, अंगठ्याला चिकटपट्टी. त्यानंच मला एका घाऊक व्यापाऱ्याचा नव्या मालाचा व्हिडिओ दाखवला. त्यात माझा पावडर ब्लू पोहत होता, पाठीवरच्या पराला तीच खाच. व्हिडिओची तारीख मासा माझ्याकडे आला त्याच्या सहा दिवस आधीची.

पुन्हा फोन केला तर, “जिवंत मालाची गॅरंटी नसते काका.” ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. तिथे पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडे यूपीआयची पावती आणि चॅट. बिल मागायला मला लाज वाटली होती. आपल्या हौसेच्या दुनियेत बिल मागणारा माणूस चिकट ठरतो. तुम्ही ठरा चिकट. त्यावर ‘45 दिवस क्वारंटाइन’ असं लिहून घ्या. लिहायला नकार आला तर तिथेच काय ते कळतं. व्हिडिओ मागायचा तर त्या दिवसाचं वर्तमानपत्र टाकीला टेकवून मागा, सोबत यंत्रातला आकडाही त्याच व्हिडिओत. आणि टाकीखाली वाकून नळ्या बघा. काहीजण कॉपर खरंच घालतात, पण कमी. त्यानं परजीवी मरत नाही, नुसता दबतो, आणि तुमच्याकडच्या स्वच्छ पाण्यात आल्यावर उसळतो. म्हणून कितीही सज्जन माणसाकडून आणलात तरी घरी वेगळी टाकी हवीच.

दोन्ही क्लाउन वाचले. ते आता माळ्यावरून उतरवलेल्या टँकमध्ये आहेत. वाळू नाही, खडक नाही, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. कॉपर पॉवर नावाचं तांब्याचं औषध दोन दिवसांत हळूहळू वाढवत 2.25 वर नेलं, तिथून तीस दिवस. रोज कॉपर मोजायचं, रोज अमोनिया मोजायचा, पाणी बदललं की बदललेल्या पाण्यात त्याच हिशेबानं औषध घालायचं. ही कटकट मी वाचवायला गेलो होतो. मोठ्या टँकमध्ये 76 दिवस एकही मासा नाही. कवचातली पिल्लं 72 दिवसांनीही बाहेर पडल्याची नोंद आहे, त्यावर चार दिवस जास्तीचे.

आज एकेचाळिसावा दिवस. पंप, हीटर, दिवा सगळं चालू, आत फक्त दोन श्रिंप. आमची ही विचारते, विजेचं बिल कुणासाठी भरतोय? वडील अजूनही संध्याकाळी त्याच खुर्चीत बसतात.

काल त्या मुलाचं स्टेटस दिसलं. नवा पावडर ब्लू, ‘45 डेज क्यूटी, फुल कॉपर’. खाली यंत्राचा फोटो, 2.24, आणि अंगठ्याला तीच चिकटपट्टी.