फ्रेंच हॉर्नसाठी एट्यूडची पुस्तकं: कोप्राश हवंच, पण एकटं नको

हॉर्न शिकणाऱ्याच्या स्टँडवर एक पुस्तक हमखास सापडतं: जर्मन हॉर्नवादक कोप्राशचे 60 एट्यूड (एकेका तंत्राच्या सरावासाठी रचलेले छोटे तुकडे), ओपस (रचनाक्रमांक) 6. 1830च्या दशकात छापलेलं हे पुस्तक आजही व्यावसायिक वादकांच्या रोजच्या रियाजात आहे, आणि त्याचा तो मान रास्त आहे. मात्र अनेक विद्यार्थी वर्षानुवर्षं फक्त तेच घोटत बसतात, आणि मग ऑर्केस्ट्रातला साधा संथ सोलो समोर आला की फ्रेज (सुरांचं सलग वाक्य) बांधता येत नाही.

कोप्राशने दोन संच लिहिले. ओपस 5 उंच हॉर्नसाठी, ओपस 6 खालच्या हॉर्नसाठी, म्हणजे दुसऱ्या खुर्चीवरच्या वादकासाठी. गाजला तो दुसरा. त्यामुळे मधल्या आणि खालच्या पट्ट्यातलं काम यात भक्कम आहे. स्केल, आर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकामागून एक), उड्या, टंगिंग (जिभेने प्रत्येक स्वर सुटा करणं), स्लर (स्वर न तोडता जोडणं), सगळं आहे. एकच आकृती पानभर चालते, म्हणून दोष लपत नाही. पण तालात वैविध्य कमी, स्वररचना सरळ, आणि गाण्यासारख्या ओळी अगदी मोजक्या.

बहुतेक आवृत्त्या दोन भागांत येतात: 1 ते 34 आणि 35 ते 60. आधी पहिलाच घ्या. एट्यूड छापलेल्या वेगाच्या निम्म्या वेगाने बसवा, आणि स्लर असलेली जागा आधी टंगिंगने वाजवून स्वर पक्के करा. हॉर्नच्या वरच्या भागात नैसर्गिक स्वर एकमेकांना इतके खेटून असतात की ओठ किंचित हलले तरी शेजारचा स्वर लागतो. स्लरमध्ये ते सर्वात आधी उघड होतं. डबल हॉर्न (एफ आणि बी-फ्लॅट अशा दोन बाजूंचा, अंगठ्याने बाजू बदलायचा) असेल तर मधल्या पट्ट्यातले स्लर अंगठा न वापरता, फक्त एफ बाजूवर वाजवून पाहा. बी-फ्लॅट बाजूने झाकलेली ढिलाई तिथे लगेच ऐकू येते.

पुस्तकाचा खरा पैसा वसूल होतो ट्रान्सपोझिशनमध्ये, म्हणजे लिहिलेलं वेगळ्या पट्टीत वाजवण्यात. एफ हॉर्नवर तोच एट्यूड ई हॉर्नसाठी अर्धा स्वर खाली, ई-फ्लॅटसाठी एक, डीसाठी दीड, सीसाठी अडीच. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीत हॉर्नचे भाग ई-फ्लॅट आणि सी अशा दोन्हींत आहेत, तेव्हा ही हौस नव्हे, गरज आहे. एक सावधगिरी मात्र हवी: या एट्यूडमध्ये विश्रांती जवळजवळ नाहीच. सलग दोन-तीन वाजवले की ओठ थकतात, मग माउथपीस दाबून स्वर काढायची सवय लागते, आणि ती सुटता सुटत नाही. आठ मापं (बार) वाजवा, तेवढाच वेळ वाद्य खाली ठेवा.

जोडीला मॅक्सिम-आल्फॉन्सचे 200 एट्यूड घ्या. पॅरिसच्या लेदुक प्रकाशनाची ही सहा पुस्तकं: 70, 40, 40, 20, 20 आणि 10, सोप्यापासून थेट व्हर्चुओझोपर्यंत. कोप्राशमध्ये जे नाही ते इथे आहे: लांब श्वासाच्या ओळी, बदलते ताल, अनपेक्षित अ‍ॅक्सिडेंटल (पट्टीबाहेरचे शार्प-फ्लॅट), रंग. पहिल्या पुस्तकावर 'अतिशय सोपे' लिहिलंय, त्यावर जाऊ नका. ज्याला एक सप्तकही स्थिर वाजत नाही त्याला ते जड जातं. अशाने आधी पॉटॅग-होव्हीची प्राथमिक मेथड करावी. सहाही पुस्तकं एकदम घेण्यातही अर्थ नाही. कोप्राशचा पहिला भाग चालू असेल तर दुसरं किंवा तिसरं पुस्तक बरोबरीला बसतं.

गालेचे 40 प्रिल्यूड, ओपस 27, नॅचरल (व्हॉल्व्ह नसलेल्या) हॉर्नच्या काळातले. त्यातल्या शेवटच्या 20 मध्ये मापांच्या रेघाच नाहीत. आलापासारखं, कुठे थांबायचं आणि कुठे ओढ घ्यायची हे वादकाने ठरवायचं. फ्रेजिंगसाठी याहून चांगलं पुस्तक आमच्या मते नाही. खालच्या हॉर्नच्या जागेसाठी ऑडिशन देणाऱ्याने नॉयलिंगचे 30 एट्यूड घ्यावेत. रेनॉल्ड्सचे 48 एट्यूड इंटरव्हलवर (दोन स्वरांमधल्या अंतरावर) बांधलेले आणि फार कठीण. कॉलेजच्या वरच्या वर्गाआधी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

मागवताना मुखपृष्ठ नीट वाचा. कोप्राश ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबासाठीही छापलं जातं आणि नाव तेच असतं. नुसतं 'हॉर्न' लिहिलं असेल तर ते एफ हॉर्नसाठी आहे ना, याची खात्री करा. ई-फ्लॅट टेनर हॉर्न हे वेगळं वाद्य. कोप्राश आणि गाले कॉपीराइटमुक्त आहेत, जुन्या छापील प्रती आयएमएसएलपी या ऑनलाइन स्वरलिपी-ग्रंथालयात फुकट मिळतात. पण जुन्या प्रतींत बास क्लेफ (खालच्या स्वरांसाठीचं चिन्ह) जुन्या पद्धतीने लिहिलेला असू शकतो, म्हणजे स्वर आजच्या लेखनापेक्षा एक सप्तक खाली छापलेला. ट्रेबल (वरच्या स्वरांच्या) क्लेफमधून बासमध्ये जाताना ओळ विनाकारण सप्तकभर खाली कोसळताना दिसली, तर तो जुना क्लेफ समजा आणि एक सप्तक वर वाजवा.