परदेशात फोटो साठवायला ‘दोन टीबी’ची ड्राइव्ह घेताय? आधी हे वाचा

४,४९९ रुपये खोट्या निघालेल्या ड्राइव्हचे, १,५०० रुपये ती ‘तपासण्याचे’ आणि ९,००० रुपये त्यातले फोटो ‘परत आणण्याचे’. एकूण १४,९९९. पैसे गेल्याचा राग आहेच, पण पैसे पुन्हा मिळवता येतात. व्हिएतनाम आणि कंबोडियातले माझे दोन तृतीयांश फोटो गेले, ते कुठूनही परत येणार नाहीत. लाज वाटते म्हणून इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतं. पण सुट्ट्या लागतील तसे लोक बॅगा भरायला लागतील आणि मी गेले त्याच गल्लीत जाऊन तीच खोट्या ड्राइव्हची डबी घेतील, म्हणून लिहिते आहे.

भाचीबरोबर जायचं ठरलं होतं, पाठीवरची एकेक सॅक घेऊन. तिचा एकच हुकूम होता, “मावशी, सात किलोच्या वर काही नको. चेक-इनचे पैसे भरायचे नाहीत.” स्वस्त विमान कंपन्या केबिनमध्ये साधारण सात किलोच नेऊ देतात आणि गेटवर वजन करून पकडतात, हे तिला अनुभवानं माहीत होतं. माझा कॅमेरा, एक लेन्स आणि चार्जर यांचंच वजन अडीच किलोच्या आसपास. मग लॅपटॉप कुठून नेणार? एकदा लॅपटॉप नाही म्हटलं की फोटो साठवायचे कुठे हा प्रश्न येतोच. मी रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या, न दाबलेल्या फायलींत काढते, एक फोटो पंचवीसेक एमबीचा. गूगलची फुकटची जागा १५ जीबी, ती एका दिवसात भरली असती. आणि हॉस्टेलच्या वायफायवरून रॉ फायली चढवायच्या म्हणजे रात्रभर जागं राहायचं. म्हणून ठरवलं, कॅमेऱ्यात ६४ जीबीची दोन कार्डं, एक छोटी ड्राइव्ह, आणि फोनला जोडायला कार्ड रीडर असलेला हब. रोज रात्री कार्ड फोनला लावायचं, फोटो ड्राइव्हवर टाकायचे, कार्ड रिकामं करून सकाळी पुन्हा वापरायचं. बॅगेत भर पडणार होती ती शंभर ग्रॅमची.

ड्राइव्ह घ्यायला मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेले. तिथे मी कॉलेजपासून जाते. वडिलांचा पहिला कॉम्प्युटर तिथूनच आला होता आणि तिथल्या कितीतरी दुकानदारांनी मला वर्षानुवर्षं चोख माल दिला आहे. त्यामुळे रस्त्याला नावं ठेवत नाही. नेहमीचं दुकान त्या दिवशी बंद होतं, म्हणून ग्रँट रोड स्टेशनकडे परतताना आतल्या गल्लीतल्या एका गाळ्यात शिरले. दोन टीबीची, म्हणजे दोन हजार जीबीची पोर्टेबल एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी वेगवान ड्राइव्ह), सांगितले ५,२००, ठरले ४,४९९. नावाजलेल्या कंपनीची एक टीबीसुद्धा या भावात मिळत नाही, हे मला ठाऊक होतं. मी विचारलंही. उत्तर तयार होतं, “मॅडम, इम्पोर्टेड है, बॉक्स पीस नहीं है, इसलिए सस्ता.”

मी चालू करून दाखवा म्हटलं. त्यानं काउंटरवरच्या लॅपटॉपला लावली. पडद्यावर आकडा आला १.८१ टीबी. आता ज्यांना थोडंफार कळतं त्यांना हेही माहीत असतं की दोन टीबीची खरी ड्राइव्ह विंडोजमध्ये १.८१च दाखवते, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या. पूर्ण दोन दाखवली असती तर मी लगेच शंका घेतली असती. म्हणजे फसवणाऱ्यानं तेवढा अभ्यास केला होता. माझ्यासारखं थोडं जाणणारं गिऱ्हाईकच त्यात अडकतं.

पैसे यूपीआयनं दिले. फोनवर दुकानाचं नाव आलं नाही, कुणाचं तरी खासगी नाव आलं. बिल मागितलं तर ‘एस्टिमेट’ छापलेल्या पॅडवर पेननं ‘पोर्टेबल २ टीबी’ असं लिहून दिलं. जीएसटी नंबर नाही, सीरियल नंबर नाही. गल्लीत अशीच चिठ्ठी देतात, अख्खी मुंबई अशाच चिठ्ठ्यांवर खरेदी करते. पण तुम्ही करू नका. दुकानाचं नाव आणि पैसे घेणाऱ्याचं नाव जुळत नसेल तर वस्तू काउंटरवर ठेवून बाहेर पडा.

या डबीच्या आतल्या कंट्रोलर चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. जागा ६४ जीबी असली तरी ती कॉम्प्युटरला दोन टीबी सांगते. पहिले ६४ जीबी नीट लिहिले जातात. पुढचं सगळं ती घेतल्यासारखं करते, फायलीचं नाव आणि आकार यादीत दाखवते, आत मात्र काहीच नसतं. कॉपी करताना एकही एरर येत नाही. काही डब्या पुढचा डेटा सुरुवातीच्या डेटावरच लिहितात, त्यात जुनंही जातं. मेमरी कार्डात आणि पेन ड्राइव्हमध्ये ही लबाडी कित्येक वर्षं चालू आहे, हे आपण सगळेच ऐकून असतो. पण एसएसडी म्हणून धातूच्या डबीत घालून विकतील हे डोक्यात येत नाही.

हनोई आणि निन्ह बिन्हचे फोटो शाबूत राहिले, कारण ते पहिल्या ६४ जीबीत बसले. त्यानंतरच्या हुए शहरापासून पुढचं सगळं पोकळ.

आता जो क्षण मला आजही झोपू देत नाही तो सांगते. होइ आनच्या हॉस्टेलात भाचीला आदल्या दिवशीचा माय सनचा एक फोटो दाखवायला गेले. चाळीसेक किलोमीटरवर डोंगरांच्या कुशीत चंपा राज्यातली शिवाची विटांची देवळं आहेत, चौथ्या शतकापासूनची परंपरा, १९९९पासून जागतिक वारशाच्या यादीत. तिथला सर्वांत मोठा मनोरा १९६९च्या अमेरिकी बॉम्बहल्ल्यात पडला. आपल्या पुरातत्त्व खात्याचे लोक तिथे डागडुजीला गेले होते आणि २०२०मध्ये त्यांना एकाच दगडातलं अखंड शिवलिंग सापडलं. मी ते सगळं डोळे भरून पाहिलं होतं आणि मन लावून टिपलं होतं. तर तो फोटो उघडला आणि वरची पट्टी आली, खाली सगळं करडं. दुसरा उघडला, ‘फाइल सपोर्ट होत नाही’. भाची म्हणाली, “मावशी, रॉ आहे ना, माझ्या फोनवरसुद्धा अशाच अडकतात. घरी लॅपटॉपवर उघडतील.” तिचं म्हणणं खोटं नव्हतं, रॉ फायली फोनवर खरंच कधीकधी उघडत नाहीत. आणि आदल्या रात्री कॉपी झाल्या झाल्या मी चार-पाच फोटो उघडून पाहिले होते, ते छान उघडले होते. नंतर कळलं की नुकतीच कॉपी केलेली फाइल फोन स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीतून दाखवू शकतो, ड्राइव्हवर ती असो वा नसो. म्हणून सांगते, कॉपी झाल्यावर ड्राइव्ह काढा, फोन बंद करून चालू करा, ड्राइव्ह पुन्हा लावा आणि मगच फोटो उघडून बघा.

वेगावरूनही दिसत होतं. पंधरा जीबीला अर्धा तास लागायचा. खऱ्या एसएसडीला इतका वेळ लागत नाही. पण मी हबला दोष दिला, फोनच्या पोर्टला दिला, कारण स्वस्त फोनचं पोर्ट हळू असतंच. प्रत्येक खुणेला एक रास्त कारण सापडत होतं. ही लबाडी त्यावरच जगते.

त्या दिवशी मी कार्डं पुसायची थांबले असते तर कंबोडियातल्या अंगकोरच्या देवळांचे फोटो तरी वाचले असते. अंगकोरजवळच्या सिएम रीप शहरात कार्डाची दुकानं आहेत, हजार-दोन हजारांत नवीन कार्ड आलं असतं. अंगकोरचा तीन दिवसांचा पास ६२ डॉलरचा. अंगकोर वाट पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे सूर्य देवळाच्या मागून वर येतो, आणि त्यासाठी आम्ही काळोखात जाऊन तळ्याच्या काठी जागा धरली होती. पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथनाची शिल्पपट्टी आहे, एकोणपन्नासेक मीटर लांब. एकीकडे असुर, एकीकडे देव, मध्ये विष्णू आणि कूर्म, वासुकीचा दोर. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट परक्या देशात भिंतभर कोरलेली. मी ती पट्टी टोकापासून टोकापर्यंत तुकड्यातुकड्यानं टिपली, घरी जोडून आईला मोठी छापून देणार होते. त्यातला एकही तुकडा नाही. भाचीच्या फोनमध्ये पाचसहा फोटो आहेत, त्यातल्या दोनांत मी उभी आहे.

घरी येऊन ड्राइव्ह लॅपटॉपला लावली, सगळं उघड झालं. रागाच्या भरात चाकूनं डबी उघडली. आत नखाएवढं मेमरी कार्ड एका हिरव्या पट्टीवर खोचलेलं आणि वजन यावं म्हणून गोंदानं चिकटवलेला लोखंडाचा चपटा तुकडा. गोंद अजून चिकट होता.

दुसरी फसवणूक इथून सुरू झाली. दादरला एक ‘डेटा रिकव्हरी एक्सपर्ट’ आहे. फोनवर म्हणाला, “ऐंशी टक्के येईल.” १,५०० तपासणीचे. दोन दिवसांनी, “आलंय, ९,००० भरा आणि घेऊन जा.” आई रोज विचारत होती, म्हणून भरले. पेन ड्राइव्हवर जे आलं ते हनोई आणि निन्ह बिन्हचंच, नावं बदललेलं, काही फोटो दोनदोनदा. जे आधीपासून माझ्याकडे होतं तेच मला विकलं. खोट्या ड्राइव्हवर न लिहिलेला डेटा जगातला कुणीही परत आणू शकत नाही, हे या धंद्यातल्या माणसाला ठाऊक नसेल असं मला कुणी सांगू नये. कार्ड फक्त पुसलं गेलं असेल आणि त्यावर नवीन काही लिहिलं नसेल, तर फोटोरेकसारखं फुकट सॉफ्टवेअर घरीच वापरा. माझ्या कार्डांवर रोज नवं लिहिलं जात होतं, तोही मार्ग बंद.

गाळ्यावर गेले. “मॅडम, ये हमारा माल नहीं है. और आपने खोल दिया, अब वॉरंटी खतम.” एकाच दमात दोन्ही. माल त्याचा नसेल तर वॉरंटी कसली?

मग पोलीस ठाणे. दीड तास बाकावर बसवून, “मॅडम, हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक न्यायालयात जा.” मी म्हटलं, साहेब, खोटी वस्तू खरी म्हणून विकणं ही फसवणूकच आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. तर म्हणाले, “कलम आम्हाला शिकवू नका.” अर्ज घ्या म्हटलं तर, “साडेचार हजारांसाठी?” कार्यालयातून सुट्टी काढून आले होते मी. रोज त्या गाळ्यातून किती डब्या जात असतील याचा हिशेब करायला कुणी तयार नाही. सायबरवाल्यांकडे पाठवलं. तिथे म्हणाले, दुकानातून घेतलंय, ऑनलाइन नाही, ठाण्यात जा. पैसे यूपीआयनं दिलेत असं सांगितलं तर, “पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत ना?” फसलेला माणूस पैसे स्वतःहूनच देतो, हे मी तिथे मोठ्यानं बोलले. शेवटी अर्ज दिला, पोच म्हणून शिक्का हवा म्हटल्यावर शिक्का मारणारा जेवायला गेला होता. तो परत येईपर्यंत थांबले. तुम्हीही थांबा, शिक्क्याशिवाय निघू नका. त्यांना कंटाळून निघून जाणारी माणसंच हवी असतात. आणि एक, गल्लीत कुठल्याशा खोट्या मालावर धाड पडली की दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. माझा अर्ज मात्र ‘किरकोळ’.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या मालाला तिथे फी नाही, वकील लागत नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. एस्टिमेटच्या चिठ्ठीची किंमत तिथे किती ते अजून कळायचं आहे. यूपीआयची नोंद मात्र माझ्या बाजूनं बोलते, वेळ, रक्कम, नाव सगळं त्यात आहे. रोख दिले असते तर हातात तेवढंही नसतं.

ड्राइव्ह किंवा कार्ड घेतलंत की निघायच्या आठवडाभर आधी ते काठोकाठ भरून तपासा. त्यासाठी विंडोजवर ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ (H2testw), मॅक आणि लिनक्सवर ‘एफ-थ्री’ (F3) ही सॉफ्टवेअर आहेत, दोन्ही फुकट. ते पूर्ण जागा भरतं आणि परत वाचून पडताळतं, आणि खरी जागा किती ते आकड्यानं सांगतं. दोन टीबीची खरी एसएसडी चांगल्या पोर्टवर काही तासांत पार पडते. पहिले काही जीबी संपल्यावरच चुका यायला लागल्या, किंवा दोन-दोन दिवस चाचणी संपेना, तर काय ते समजा. दुकानदाराच्या लॅपटॉपवर दिसणारा आकडा पाहू नका, तो आकडाच खोटा असतो.

आणि कार्डं पुसू नका. ६४ जीबीच्या दोनाऐवजी चार खरी कार्डं न्या, चारांचं वजन नाममात्रच असतं. सात किलोच्या हिशेबात कार्डाला जागा असते. भरलेलं कार्ड ड्राइव्हबरोबर एकाच खिशात ठेवू नका. ड्राइव्ह सॅकमध्ये, कार्डं अंगावरच्या पाउचमध्ये. रात्रीच्या स्लीपर बसमध्ये मोठी सॅक खाली डिकीत जाते, तेव्हा कार्डं आणि पॉवर बँक जवळ घ्या. पॉवर बँक विमानातही केबिनमध्येच न्यावी लागते.

तुमच्याकडे तशीच डबी असेल तर माझ्यासारखी उघडू नका. आधी चाचणीचा निकाल पडद्यासकट व्हिडिओत घ्या, डबीवरचे सगळे आकडे टिपा, मग कुणाला तरी बरोबर घेऊन, फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवून गाळ्यावर जा. मालकाला उघडायला लावा, त्याच्याच काउंटरवर, त्याच्याच हातानं.