शंभर सीसी मोटारसायकलचे सर्व्हिस मॅन्युअल: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतर

सर्व्हिस सेंटरने टॅपेट सेटिंगचे, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हजवळचे बारीक अंतर जुळवण्याचे, पैसे घेतले, पण लातूरहून औशाला पोहोचेपर्यंत इंजिनाची टकटक पुन्हा सुरू झाली, आणि जाब विचारल्यावर ‘जुन्या गाडीला एवढा आवाज असतोच’ असे उत्तर मिळाले. गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत प्रत्येक अवघड कामापुढे अधिकृत केंद्राकडे जाण्याचाच सल्ला असल्यामुळे साडेसहाशे रुपये जिवावर आले तरी मी मेकॅनिकसाठीचे सर्व्हिस मॅन्युअल मागवले.

सुरुवातीला पैसे वाया गेले असेच वाटले, कारण जवळजवळ प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी कंपनीच्या खास हत्यारांची यादी आहे आणि ती हत्यारे घरी असण्याचे काही कारण नाही. टॅपेटचे काम स्वतः केल्यावर मात्र मत बदलले. मॅग्नेटवरची (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चाकावरची) ‘टी’ खूण कव्हरच्या खुणेशी जुळवायची, व्हॉल्व्ह दाबणारे दोन्ही रॉकर हाताने हलवून पाहायचे, ते घट्ट लागले तर क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) आणखी एक पूर्ण फेरी फिरवायचा आणि मगच फिलर गेज (अंतर मोजायची पातळ पट्टी) घालायचे, हा क्रम त्यात स्पष्ट आहे. लॉकनट (स्क्रू जागेवर धरणारा नट) आवळताना स्क्रू किंचित फिरतो, म्हणून शेवटी अंतर पुन्हा मोजायचे असते; माझ्या डोळ्यांदेखत सर्व्हिस सेंटरमध्ये ते कोणी मोजले नव्हते. शिवाय इंजिन 35 अंशांच्या खाली थंड असावे अशी अट आहे. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी सावलीतली हवाच त्याहून तापलेली असते, त्यामुळे हे काम भल्या पहाटेच करावे लागते.

आता बांधणीविषयी. हे पुस्तक डिंकाने चिकटवलेले असल्यामुळे उघडे राहतच नाही. एका हातात गेज, दुसऱ्या हातात पाना, आणि नेमके त्याच वेळी पान मिटते. वर चौदा-पंधराचा पाना ठेवला तर ते ग्रीसने माखते. एप्रिलच्या उन्हात डिंक सुटला आणि सर्वांत आधी निखळले ते टॉर्कच्या (कोणता बोल्ट किती जोराने आवळायचा याच्या) तक्त्याचे पान, जे सर्वाधिक लागते. साध्या 6 मिलिमीटरच्या बोल्टला साधारण 10 न्यूटन-मीटर पुरतात. त्यापुढे जोर लावला की ॲल्युमिनियममधले आटे गेलेच. शेवटी लातूरच्या गंजगोलाईजवळ चाळीस रुपयांत स्पायरल बांधणी करून घेतली. साडेसहाशेच्या पुस्तकात प्रकाशकाला चाळीस रुपये परवडू नयेत, हे मला अजूनही पटलेले नाही.

वायरिंगचा नकाशा काळ्या-पांढऱ्या छपाईत असून तारांचे रंग आद्याक्षरांवरून ओळखावे लागतात, तेव्हा ते काम मी इलेक्ट्रिशियनकडेच ठेवले आहे. एअर फिल्टरची मुदत मात्र छापील आकड्यावर सोडू नये. धुळीच्या भागात तो लवकर साफ करावा असे त्यातच म्हटले आहे, आणि काळ्या मातीच्या रस्त्यांना ते पुरेपूर लागू पडते.

मागवण्यापूर्वी गाडीचे साल अवश्य जुळवावे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे मानक लागू झाल्यावर या वर्गातल्या बहुतेक गाड्यांमध्ये कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आले, त्यामुळे नव्या गाडीच्या मालकाला या पुस्तकातले इंधनाचे प्रकरण उपयोगी पडणार नाही.