कॅलझोनेसाठी पिझ्झा स्टोन घेतला, वापरून दोन महिने झाले

घरच्यांसाठी कॅलझोने, म्हणजे सारण भरून दुमडलेले पिझ्झे, करायचे म्हणून हा पिझ्झा स्टोन, म्हणजे ओव्हनमध्ये ठेवायची जाड दगडी पाटी, घेतला आणि खरं सांगते, आधी साध्या ट्रेवर केलेले दरवेळी खालून ओलसर राहायचे, वरून मस्त लाल आणि तळाला कच्चं पीठ, मुलं कडाच खायची फक्त. आता तळ खरपूस होतो. स्टोन पिठातलं पाणी पटकन ओढून घेतो आणि साठवलेली उष्णता थेट तळाला देतो, त्यामुळे फरक पहिल्याच दिवशी कळला. पण ओव्हन २३० डिग्रीवर ठेवून स्टोन आतच पाऊण तास तापवावा लागतो, घाई असेल त्या दिवशी याच्या नादी लागू नका.

बाकी सगळं सोपं आहे, पिठाची पोळी लाटायची, अर्ध्या भागावर सारण, दुमडून कडा पाण्याचं बोट लावून घट्ट दाबायच्या, वर दोन चिरा द्यायच्या वाफ जायला, १५ ते १८ मिनिटांत तयार. सारणातलं रिकोटा (मऊ, ओलसर चीज) मात्र आधी गाळून निथळून घ्याच, आणि सॉस आत न घालता बाजूला द्या, नाहीतर फुटून सगळं स्टोनवर सांडतं. माझं सांडलं होतं, डाग गेला नाहीये अजून!! साबण लावायचा नाही, छिद्रांत मुरतो, नुसतं खरवडून पुसायचं. गरम स्टोनवर गार पाणी तर अजिबात नको, तडकतो.

वजनाला जड आहे तेवढं एकच खटकलं, वयस्कर माणसांना उचलायला त्रास होईल. तरी पाचपैकी साडेचार.